खांडीची हौसा

"जन्मवेळ?" मृणालीबाईंनी विचारलं.

"ठाव नाय," हौसा म्हणाली. "दिवस ठाव हाय. दिवस तर आमच्या सगळ्या गावाला ठाव हाय."

आषाढातल्या अवसेचा दिवस. वडखळजवळच्या त्यांच्या खाडीकाठच्या गावात त्या दिवशी उधाणानं बांध फुटला आणि खारं पाणी भातशेतात शिरलं. फुटलेल्या बांधाच्या भगदाडाला तिकडे खांड म्हणतात. त्याच दिवशी जन्मली म्हणून ती खांडीची हौसा. ती चालायला लागायच्या आत तिची आई गेली. पुढे नवरा नाथा ऐन तिशीत तापानं गेला. दोन्ही वेळा लोकांना खांड आठवली. हौसानं कधी वाद घातला नाही. पेणच्या बाजारात सुकी मासळी विकून तिनं मुलाला, निकेशला, शिकवलं, कंपनीत लावलं. पण लग्नाकार्यात ती मागेच उभी राहायची. नव्या नवरीच्या ओटीला तिनं कधी हात लावला नाही.

आता निकेशला मुलगा झाला होता. बारसं रविवारी, सुनेच्या माहेरी, गडबला. सून किमया फोनवर म्हणाली होती, "आई, बाळाला पाळण्यात तुम्हीच घालायचं. दुसऱ्या कुणाला मी घालू देणार नाही." "आधी पत्रिका दाखवून येते," एवढंच हौसा तिला म्हणाली होती.

हौसानं बाळ एकदाच पाहिलं होतं, तेही दारातून. सर्दी झालीय असं सांगून ती परत आली होती.

"मी अपशकुनी हाय का नाय, तेवढं बघा," ती म्हणाली. "असेन तर बारशाला जात नाय."

मृणालीबाई पेणच्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. लग्न कधी जमेल, नोकरी कधी लागेल, हे त्या सांगत नसत. पत्रिकेवरून माणसाला त्याचा स्वभाव उलगडून दाखवायचा, एवढंच त्यांचं काम. कितीतरी माणसं त्यांच्या ओट्यावरून जरा सरळ पाठीनं घरी गेली होती.

"पत्रिकेत अपशकुन नसतो, हौसाताई. माणूस असतो. पण वेळेशिवाय ती मांडता येत नाही."

"अंदाजानं मांडा की."

"मांडेन. तुम्हाला बरं वाटेल अशा चार गोष्टीही सांगेन. पण ते तुमच्याबद्दल नसेल." मृणालीबाईंनी कागद बाजूला ठेवला. "तुम्ही जन्मलात तेव्हा तिथं असलेलं कुणी आज हयात आहे?"

एकच होती. रोह्याची बायजामावशी. तिला जाऊन विचारायचं हौसाला कधी धाडस झालं नव्हतं. तिच्याकडूनही तेच ऐकावं लागलं असतं, आणि ते आईच्या सख्ख्या बहिणीच्या तोंडून ऐकवलं नसतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोह्याच्या एसटीत बसली.

बायजा पडवीत मोड आलेले वाल सोलत होती. डोळे अधू झाले होते, बोटं चालत होती.

"वेळ?" ती हसली. "घड्याळ कुणाकडं होतं गो? दिसाची भरती पुरी झाली नि तू झालीस. त्याच्या आधी उधाण चढत होतं. बांध झिरपत होता. आमी सगळी बांधावर चिखल टाकत होतो. तुजी आयस पण. दिवस भरले होते, तरी पाटी डोक्यावर. तिथंच तिला कळा लागल्या. बापयांनी कांबळ्याची झोळी केली नि तिला घातली. बाया सोबत धावल्या. बांधावर कोण नाय उरला."

"म्हणून बांध फुटला," हौसा म्हणाली. "माज्यापायी."

वाल सोलणारी बोटं थांबली.

"कोण सांगतं?"

"सगळे."

"आमी तुज्या घराशी पोचतोय, तर मागं खांड पडली. आमी जिथं उभी होतो ना, तिथंच. बांधाचा तेवढाच तुकडा खाडीनं ओढून नेला. शेतं गेली, व्हय. लय वरसं पिकलं नाय. पण आमी तिथंच असतो तर? मी असते का गो आज? तुजा बाप असता?"

हौसा मावशीच्या जवळ सरकली. मग ती म्हणाली, "हे कोण कधी बोललं कसं नाय?"

"मला वाटलं, तुला ठाव असंल. मी तर त्याच साली लगीन होऊन रोह्याला आले." बायजानं ओला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. "बुडालेलं शेत डोळ्यांना दिसतं, हौसा. न बुडालेलं माणूस कुणाला दिसतंय?"

हौसा तिथंच बसून रडली. आवाज न दाबता रडली. बायजानं तिला गप्प केलं नाही.

दुपारी रोह्याच्या स्टँडवरून तिनं मृणालीबाईंना फोन लावला आणि जे ऐकलं ते सगळं सांगितलं. पलीकडे पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "अवसेची भरती कधी पुरी होते ते काढता येतं. त्यावरून तुमची वेळ बसवता येईल, हौसाताई. खरी वेळ! पेणला उतरलात की सरळ माझ्याकडे या. आजच मांडते."

"येईन की बाई. उद्या येते."

पेण यायच्या आधीच, गडबला, ती हायवेवर उतरली आणि झपाझप चालत किमयाच्या माहेरी पोचली. दार उघडंच होतं. या वेळी ती उंबऱ्याशी थांबली नाही. किमया बाळाला घेऊन पलंगावर बसली होती. सासूचे सुजलेले डोळे पाहून ती घाबरली.

"आई, काय झालं? पत्रिकेत काय निघालं?"

"अजून मांडायची हाय," हौसा म्हणाली आणि तिनं नातवाला उचलून छातीशी घेतलं.