बारावा नकार

“जराशी उभी राहा बरं पोरी, उंची दिसू दे,” पुष्पाबाई म्हणाल्या.

“मोजपट्टी आणू का आत्याबाई? केळीच्या फण्या मोजायची आहे घरात.”

मोहिनी उभी राहिली, पण मान खाली न घालता. कोपऱ्यातल्या खाटेवर बसलेल्या भिकुबाई अक्कांनी कपाळाला हात लावला. अक्का म्हणजे तिच्या बापाची बहीण, घरात सगळ्यांत थोरली. मोहिनीचा बाप तोताराम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. दोंडाईच्याहून आलेला पुष्पाबाईंचा मुलगा, हितेंद्र, पोह्याच्या बशीत हसला.

रावेरच्या या ओसरीत हा बारावा कार्यक्रम. अकरा वेळा मोहिनीने साडी नेसून चहा दिला होता. अकरा वेळा पाहुणे पोटभर खाऊन, तिचं तोंडभर कौतुक करून गेले होते, आणि चार दिवसांत नकाराचा फोन आला होता. नकार आला की अक्का महिनाभर गप्प. मग पुन्हा सुरू, “सत्ताविसाची झाली रे पोर, तोताराम! लोकं मले इचारतात.” तेवढं झालं की तोताराम दुसरं स्थळ शोधून आणी.

“आबा, माझा प्रबंध संपू द्या, मग उभी करा मला बाजारात,” मोहिनी चिडून म्हणे.

“आयतवारी पाहुणे येऊ राह्यले,” एवढंच बोलून तो केळीत निघून जाई.

तिलाही मग हट्ट चढला. उभं करताच ना मला? मग मीही रिकाम्या हाती आत यायची नाही.

“अभ्यास कशाचा करता तुम्ही?” हितेंद्रने विचारलं.

“‘नाही’चा.”

“म्हणजे?”

“‘त्याने चकार शब्द काढला नाही’ असं आपण म्हणतो. आता ‘चकार शब्द काढला’ असं म्हणून बघा.”

हितेंद्रने ओठ हलवून पाहिले. “कसंतरीच वाटतं.”

“वाटणारच. वेलीला मांडव लागतो, तसा त्या शब्दाला ‘नाही’ लागतो. मांडव काढला की वेल भुईवर.”

“बाईचं तसं नसतं माय,” पुष्पाबाई म्हणाल्या. “नाही नाही करीसन बाईचा संसार व्हतो का?”

“‘हो’ म्हणून तरी कुठे सगळ्यांचा झाला, आत्याबाई?”

हितेंद्रला ठसका लागला. अक्का पुटपुटल्या, “गेलं. हेही स्थळ गेलं.”

मोहिनीला तेच हवं होतं. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं, ‘नाही’ हा शब्द न वापरता माणसं नकार कसा देतात याचं. तिच्या मार्गदर्शक चारुलता मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “लोकांना सांगून, विचारून वदवून घेतलेलं वाक्य मला चालणार नाही. आपल्या मनाने आलेला नकार आण. नाहीतर प्रकरण फाडून टाकेन.”

आपल्या मनाने आलेले नकार तर तिच्या ओसरीवर चालत येत होते. पाहुणे गेले की ती कार्डावर वाक्य टिपून ठेवी, चार दिवसांनी फोनवरचंही. आणि त्यातून एक नवलच हाती लागलं होतं. धरणगावचे असोत, धुळ्याचे असोत, अहिराणी बोलणारे असोत की शहरातले, अकरापैकी नऊ घरांनी जवळजवळ सारख्याच शब्दांत नकार दिला होता: “पोर सोन्यासारखी आहे. तिच्या हातातलं काम पुरं होऊ द्या, मग बोलू.” मॅडमनी कार्डं पुन्हापुन्हा चाळली होती. “अगं, हा तर अख्ख्या खानदेशाचा साचा सापडला तुला! यावरच उभं राहील प्रकरण.”

बारावं कार्ड लिहिलं की पुढच्या महिन्यात प्रबंध सादर. फक्त हे लोक ‘हो’ म्हणायला नको होते. अक्कांनी सकाळीच शपथ घातली होती, होकार आला तर लग्न वैशाखात आणि पुस्तकं माळ्यावर.

“आमच्याकडे सून घरात राहते,” पुष्पाबाईंनी बशी खाली ठेवली. “विद्यापीठाच्या चकरा बंद कराव्या लागतील.”

“मग सून दुसरीकडे शोधा.”

तोतारामने कॅलेंडरवरची नजर काढून लेकीकडे पाहिलं. मोहिनीला वाटलं, आता आबा ओरडणार. तो उठला, टोपी नीट केली आणि म्हणाला, “चला, गाडीपर्यंत सोडतो.”

दर वेळी तो एकटाच सोडायला जाई. दर वेळी पाहुण्यांचे हात हातात घेऊन बराच वेळ बोलत राही. लेकीच्या फटकळ तोंडाची माफी मागत असेल, असं मोहिनीला वाटे आणि तिचा जळफळाट होई.

आत येऊन तिने कोरं कार्ड काढलं. वर तारीख लिहिली, खाली ‘दोंडाईचा’. तेवढ्यात खुर्चीवर राहिलेला पुष्पाबाईंचा चष्मा दिसला. ती तो घेऊन धावली.

गाडी अंगणापलीकडे, केळीच्या क्रेटनी भरलेल्या ट्रॉलीमागे उभी होती. ट्रॉलीपाशी पोचते तोच आबांचा आवाज आला. इतका करडा आवाज तिने घरात कधी ऐकला नव्हता.

“नाही. ठरलं होतं ते ठरलं होतं, बाई.”

“मी काय करू भाऊ?” पुष्पाबाई म्हणत होत्या. “तुम्ही फोनवर पढवलेलं ते ‘हातातलं काम पुरं होऊ द्या’चं वाक्य दोंडाईच्यापासून पाठ करत आले व्हते मी. पण पोरगी खरंच पसंत शे.”