झोळीची दोरी

"पाय द्या, मामाजी," प्रतीक्षा म्हणाली आणि सासऱ्यांच्या डाव्या पायातली चप्पल काढून तिनं दोरीचा फासा त्यांच्या अंगठ्यात सरकवला.

पुंजाजींनी खाली पाहिलं. उजवा हात मांडीवर होता. लकवा झाल्यापासून तो दुसऱ्या कुणाचा तरी आणून ठेवल्यासारखा पडलेला असे. डाव्या हातात गळाची काठी. शेततळ्याच्या काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते सुनेचा हा उद्योग पाहत होते. लकव्यानं बोलणंही आटलं होतं. काल दिवसभरात त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला होता, "शेवटचं."

मासा गळाला लागे, काठापर्यंतही येई, पण जाळं खाली घालून त्याला उचलायला दुसरा हात नव्हता. रोहू पायाशी येऊन सुटून जाई. नितेशनं बापाच्या मदतीला जाळं घातलं, तर पुंजाजींनी गळच पाण्यात भिरकावून दिला होता. आजही जमलं नाही तर ते तळ्यावर पुन्हा येणार नव्हते. आणि घरी भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस प्रतीक्षाला पाहवत नव्हता.

"कावून तरास देऊन राहिली बाबाले?" मागून नितेश म्हणाला. लेक आचल त्याच्या कडेवर होती.

"तुमी चूप बसा ना जरा."

अकोल्याहून आणलेलं हातजाळं आता ओळखू येत नव्हतं. पत्र्याचा हलका दांडा जाऊन तिथं बांबू आला होता. बांबू काठावर रोवलेल्या बाभळीच्या बेचक्यावर तोललेला. पुढच्या टोकाला जाळं, पाण्यात बुडालेलं; मागच्या टोकाला अर्धी वीट, म्हणजे पायावर भार कमी. त्याच टोकाची दोरी अंगठ्यात. पाय खाली दाबला की जाळं वर.

जाळ्याची पिशवी फार उथळ होती, म्हणून प्रतीक्षानं आधी तिथं जुनं लुगडं शिवलं होतं. लुगड्यात पाणीच भरून राहिलं, बेचकं मोडलं, आणि नितेश पोट धरून हसला होता, "अवं, मासे धरून राहिली का हिरीतून पाणी काहाडून राहिली?" मग दुपारी लेक निजली की ती तिच्या मच्छरदाणीला कात्री लावून बसू लागली.

"पोरीची मच्छरदानी फाडली," नितेश अजून बोलतच होता. "उद्या माहा सदरा कापशीन."

"मावते का ती आता तिच्यात? पाय बाहीर निंगतेत तिचे."

गळाच्या दोरीवर तरंगणारा थर्माकोलचा तुकडा पाण्यात गपकन बुडाला.

पुंजाजींनी काठी आखडली. काठीचा शेंडा वाकला, थरथरला. त्यांनी घाई केली नाही. मासा डावीकडे गेला तर जाऊ दिला, परत आणला, दमवला. मोठा होता. त्याची पाठ एकदा चमकली आणि तो फिरत फिरत बुडालेल्या जाळ्याच्या बरोबर वर आला.

पाय मात्र हलला नाही.

पुंजाजींची नजर उजव्या हातावर होती. त्या हाताला उठवायला ते दात खात होते, मानेची शीर फुगली होती. पाय आहे, पायात दोरी आहे, हे जणू ते विसरूनच गेले होते. नितेश पुढं धावणार तोच प्रतीक्षानं त्याची बाही धरली. "नका जाऊ." ओरडून सांगावं असं तिलाही वाटलं, पण तिनं फक्त बाही घट्ट धरून ठेवली.

माशानं शेपटीचा तडाखा दिला. पाणी उडून आचलच्या तोंडावर आलं. ती दचकली आणि किरकिरली. तान्ही असताना झोळीत किरकिरायची, अगदी तशी.

पुंजाजींचा अंगठा आपसूक खाली गेला.

बांबू कुरकुरला. जाळं पाण्यातून वर आलं, आणि मच्छरदाणीच्या खोल पिशवीत मासा. त्यानं दोनदा अंग आपटलं. मग त्याला कुठं टेकायलाच मिळालं नाही. तो गप्प झाला.

"बाबा!" नितेश म्हणाला. तो जाळ्याकडे सरकला. "बाबा, काहाडू का?"

पुंजाजींनी नकारार्थी मान हलवली. ओठ एका बाजूला ओढले गेले, शब्द वाट शोधत आला. "वीट... हलकी हाय. उद्या... मोठी आन."

प्रतीक्षा बांधावर बसली. उद्या, म्हणाले. तिनं पदरानं तोंड पुसलं, मग कडेवरून उतरून आलेल्या लेकीचं पुसलं.

आचल आजोबांच्या खुर्चीला टेकून उभी राहिली. त्यांच्या अंगठ्यातल्या फाशावर जुनी मऊ चिंधी गुंडाळलेली होती. आचलच्या झोळीला पायानं झोका द्यायला हीच दोरी बांधली तेव्हा अंगठा काचू नये म्हणून पुंजाजींनी स्वतःच गुंडाळलेली. पाय अजून थांबला नव्हता. जरासा खाली, जरासा वर. पिशवी पाण्याला टेकत होती, उचलली जात होती, परत टेकत होती.

"आबाजी, निजला का मासा?"

"चूप," पुंजाजी म्हणाले. "उठीन तो."