उजव्या हाताचा खलाशी

१९७४ साली सांगलीत सुमतीबाईंच्या छापचित्रांचं प्रदर्शन भरलं होतं. सगळी चित्रं गुजरातच्या किनाऱ्यावरच्या खलाशांची. त्यांतल्या एका चित्रातलं गलबत निघालं त्याच दिवशी वादळात बुडालं होतं. कुणीही परतलं नव्हतं.

हे ऐकून वडूजहून हरिबा सुनेला, अंजनाला, घेऊन आले. त्यांचा मुलगा आकाराम तिकडेच गलबतांवर कामाला होता, पण कुठल्या गलबतावर ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि वादळापासून त्याचा पत्ता नव्हता.

चित्रातले खलाशी पाठमोरे होते. एक जण कोयत्यानं दोर तोडत होता.

"पाठ तर आकारामाचीच वाटतीया," हरिबा म्हणाले. "भावकी म्हणती, सुनंला कुकू पुसाय सांगा. तूच बघून सांग, पोरी."

अंजना काचेला नाक लावून बघत राहिली. मग चक्क हसली.

"आवं मामंजी, कोयता उजव्या हातात हाय की! ह्यांनी उजव्या हातानं कवा भाकरी तरी मोडली का? लग्नात मला घासबी डाव्या हातानं भरवला, समदी पंगत हसली. ह्यो दुसराच कुणीतरी हाय."

"व्हय गं, लय डावरा त्यो," हरिबा डोळे पुसत म्हणाले. "मारूनबी सुधारला न्हाई."

जाताना अंजना सुमतीबाईंच्या पाया पडली. "तुमच्या चित्रामुळं कळलं, बाई. आता कितीबी वाट बघीन."

&nbsp;

सुमतीबाईंनी तांब्याच्या पत्र्यावर तो कोयता, दिसला तसाच, खलाशाच्या डाव्या हातात कोरला होता. कागदावर छापताना चित्र उलटं उमटतं, एवढं त्यांना सांगवलं नाही.