टोपीचं माप

टेलरबाई दुकानातून तडक सरकारी समितीसमोर आल्या, त्यामुळे मापाची टेप गळ्यातच राहिली होती. हातात लेकीची टोपी होती, आतून बोटभर जाड कापूस भरलेली. लेक दिवसातून वीस वेळा फिट येऊन कोसळायची. डोकं फुटू नये म्हणून बाई दर वर्षी मोठ्या मापाची टोपी शिवायच्या.

"गांजाच्या झाडाचं ते तेल सुरू केलं आणि तीन महिने ही टोपी खुंटीवरून खाली आली नाही," बाई म्हणाल्या. "मग तुमच्या माणसांनी बाटली उचलून नेली. आठवड्याच्या आत टोपी पुन्हा डोक्यावर."

अध्यक्ष सावकाश चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तेल झालं तरी गांजाचंच ना! कायदा असा उठून बदलता येत नाही. अभ्यास लागतो. दोन वर्षं कळ काढा."

"मागचे साहेबही दोनच म्हणाले होते. त्याला चार वर्षं होऊन गेली."

बाई टेबलाला वळसा घालून अध्यक्षांच्या खुर्चीमागे गेल्या आणि त्यांनी टेप थेट साहेबांच्या कपाळाभोवती गुंडाळली. दारातला शिपाई धावत आला.

"अहो, हे काय चाललंय?" अध्यक्षांनी मान वळवत विचारलं.

"हलू नका, माप चुकेल."

बाईंनी खिशातला खडू काढून साहेबांच्याच फायलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : बावीस इंच.

"तुमचा अभ्यास संपेपर्यंत लेकीचं डोकं एवढं झालेलं असेल. टोपी आजच कापायला घेते."