मागच्या स्टेशनपर्यंतचं तिकीट

हे मी लिहिणारच नव्हतो, सोपान चिडेल म्हणून. पण आता ऐकाच.

सोपान आणि इरफान भुयारी मेट्रोत तिकिटं तपासत होते. इरफाननं आदल्या दिवशी दंड केलेला एक चष्मेवाला गृहस्थ डब्यात उठला आणि त्यानं इरफानच्या गळ्याला चाकूच लावला. "चारचौघांत माझी इज्जत काढतोस काय रे?"

लोक मागं सरकले. सोपान समोरच उभा होता. काहीतरी बोलायला तर हवं होतं, आणि आठ वर्षांच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघालं, "तिकीट दाखवा."

त्या माणसानंही सवयीनंच दुसऱ्या हातानं खिशातून तिकीट काढून दिलं. चाकू होता तिथंच. सोपाननं तिकीट मशीनखाली धरलं, नीट वाचलं आणि म्हणाला, "काका, हे मागच्या स्टेशनपर्यंतचंच आहे. दंड पडेल."

"अहो, उतरणारच होतो! या भानगडीत राहून गेलं ना!" काका इतके तापले, की चाकूच्या टोकानंच तिकिटावरचं स्टेशन दाखवायला लागले. इरफान झटकन खाली बसला आणि लोकांनी काकांवर झडप घातली.

संध्याकाळी साहेबांनी सोपानच्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं, पेढे वाटले. मानेवरची पट्टी चाचपत इरफान त्याच्या कानाशी लागला, "खरं सांग सोप्या, प्रसंगावधान होतं?"

सोपाननं मान खाली घातली. "नाही रे. पण शब्द देतो, पुढच्या वेळी आधी तुला सोडवीन, मग तिकीट बघीन."