आईला विचारून

कॉरिडॉरमध्ये तिघे भाऊ ऑपरेशनच्या फॉर्मवरून तासभर कुजबुजत होते. मेढेकर सिस्टरांचा संयम संपत आला.

"आईला कॅन्सरचं सांगू नका, सिस्टर. खचेल ती," थोरला म्हणाला.

"तुमच्या बायका कुणी पसंत केल्या?"

"आईनं."

"घराची जागा?"

"तीही आईनंच."

"मग तिच्याच जिवाचा निर्णय तिला न विचारता?"

तिघे मान खाली घालून खाटेपाशी गेले. थोरल्यानं कसंबसं सांगितलं. म्हातारी हसली. "कधीच ओळखलंय मी. एरवी भांडणारे तुम्ही, तिघंही एकदम गोड बोलायला लागलात."

चष्मा लावून तिनं फॉर्म वाचला आणि सही न करताच परत दिला. "ऑपरेशन नको. दुखणं तेवढं आवरा, घरी न्या."

थोरल्यानं डोळे पुसले. शेजारच्या खाटेवरल्यांना तो ताठ मानेनं सांगू लागला, "आमच्याकडे सगळं आईला विचारूनच होतं."