झोळीवरच्या मुंग्या

"अंगरखा इथेच टांगून जात जा, घरी नेऊ नकोस," असं प्रयोगशाळेत तुंगारसरांनी हेमांगीला कितीदा तरी बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. तिच्या पीएच.डी.ची बुरशी कडब्याची साखर करायची, त्या साखरेचं इंधन व्हायचं आणि गावातल्या निम्म्या स्कूटर आता त्यावरच पळत होत्या. एवढ्या गुणी बुरशीला भ्यायचं कशाला?

आज सकाळी मात्र निजलेल्या लेकीच्या झोळीवर मुंग्यांची रांग लागली होती.

"दूध सांडलं असेल," सासूबाई म्हणाल्या. "आणि ही तुझी खुळी, झोळीचा काठ सोडत नाही तोंडातून!"

हेमांगीने काठ जिभेला लावला. गोड! काठ पाण्यात पिळून तिने सासूबाईंच्या शुगरच्या मशीनवर थेंब टाकला.

"अगोबाई, माझ्यापेक्षा जास्त!" सासूबाई म्हणाल्या.

हेमांगी हसली आणि हसता हसताच चपापली. कडबा काय नि कापूस काय, बुरशीला दोन्ही सारखेच. तिने झटकन लेकीला उचललं आणि रिकाम्या झोळीत हात टेकला. जुन्या लुगड्याची ती झोळी ओल्या पापडासारखी फाटली.

लेकीला घट्ट धरून तिने बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं, "चूक माझी आहे. प्रयोगशाळेतली बुरशी लागलेला माझा अंगरखा गच्चीवर आपल्या सगळ्यांच्या दोरीवर वाळत होता. तुमच्या शेजारी कुणाचं बाळ सुती झोळीत निजलं असेल, तर आत्ता जा. आधी बाळाला उचला, मग झोळी चाखून बघा."